शाबूत दाढ

क्षमाची एक दाढ गेल्या महिन्यात उपटली गेली, आणि त्या दाढेत तिळभरही खोट नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे दिवाकररावांची धावपळ पाहून कुणालाही ते मोठे काळजीवाहू नवरे वाटायचे.

वर्षभर क्षमा झोपेत करकरा दात खात होती. सकाळी जबडा आखडलेला, कानशिलं ठणकणारी, पोळीचा घास चावताना डोळ्यांत पाणी. घरातल्यांचं निदान तयारच होतं: पोटात जंत! सासूबाईंनी वावडिंगाचा काढा पाजला, नवऱ्यानं जंताच्या गोळ्या आणल्या, त्याही एकदा नव्हे, तीनदा. ऑफिसात दोघांचं काम एकटीनं ओढणाऱ्या चाळिशीच्या बाईला! एवढं करून गुण येईना, तेव्हा दिवाकररावांनी तिला शहरातल्याच गुढियारी भागातल्या ओळखीच्या दातवाल्याकडे नेलं आणि स्वतः बोट दाखवून दाढ काढवून घेतली. दुखणं जागच्या जागीच राहिलं.

म्हणून आज शेजारची दाढ काढायला दोघं तेलीबांधा भागातल्या दातांच्या दवाखान्यात. डॉक्टर रुचिता तिशीची, घरची मराठी, पण हिंदी मुलखात वाढल्यानं बोलणं सगळं हिंदीत.

"दर्द कहाँ है?" तिनं क्षमाला विचारलं.

"या दाढेत," दिवाकरराव म्हणाले. "काढूनच टाका. झोपेत दात खाते, जंत आहेत इच्या पोटात."

डॉक्टरनं क्षमाच्या गालांवर बोटं ठेवून तिला दात दाबायला लावले. क्षमा कळवळली.

"दाँत एकदम ठीक है. दर्द जबड़े की मांसपेशी में है. और जंत-वंत कुछ नहीं."

मग तिनं उपाय सांगितले. गरम शेक, काही दिवस मऊ जेवण, जबड्याचा हलका व्यायाम, आणि झोपताना दातांवर बसवायचं तिच्या मापाचं कवच. दात खाणं त्यानं लगेच थांबेलच असं नाही, पण दात झिजायचे वाचतील. "और टेंशन कम करना पड़ेगा, दीदी."

"इले कायचं टेन्शन?" दिवाकरराव हसले. "सगळं आयतं भेटते घरी. ते कवच-बिवच राहू द्या, दाढ काढा."

क्षमाच्या अंगाची लाही लाही झाली. सवयीनं तिनं दात आवळले आणि कळ थेट कानात गेली. अठरा वर्षं हेच चाललंय, तिच्या ध्यानात आलं. हे बोलतात आणि आपण दात आवळतो.

डॉक्टरनं रिकाम्या हिरडीपाशी आरसा नेला. "ये वाला क्यों निकलवाया? किसने कहा खराब है?"

दिवाकरराव खिशातला मोबाईल काढून बघू लागले.

क्षमानं आरसा हातानं बाजूला सारला. "यायनं सांगतलं. मले कोणी विचारलंच नाही." जबडा ठणकत होता, तरी ती थांबली नाही. "दाढ माही, दुखणं माहं, अन् बोलून राहिले हे! चांगली दाढ गेली माही! तुम्ही ते कवच बनवा, मॅडम. अन् काय विचारायचं ते मले विचारा. हे बाहेर बसतीन."

"अवं, पण मी तं तुह्यासाठीच..."

"बाहेर!" क्षमा म्हणाली.