कॅप्टन ऐरण, रातबगळा आणि मधली बस

दोन विश्वांची टक्कर ही सृष्टीतली सर्वांत भीषण घटना मानली जाते. मी ती प्रत्यक्ष पाहिली आहे. ती लेक्झिंग्टन अव्हेन्यूवरच्या एका डेलीत, म्हणजे सूप-सँडविचच्या खानावळीत, मागच्या टेबलावर झाली. टेबल डुगडुगत होतं, त्यामुळे एका विश्वाचं सूप दुसऱ्या विश्वाच्या बाहीवर सांडलं.

पहिलं विश्व आमच्या कॉमिक्स कंपनीचं. मुख्य संपादक हॅल ब्रॅनिगन, हाताखाली मी, आणि नायक कॅप्टन ऐरण: छाती कपाटाएवढी, मन लोण्याचं. दुसरं विश्व रस्त्यापलीकडच्या कंपनीचं. त्यांचा संपादक अर्व झुकरब्रोट, नायक रातबगळा, जो रात्रभर गच्च्यांवर उभा राहून वडिलांच्या मृत्यूचा विचार करतो. या दोघांची गाठ पडली तर काय होईल, असं वाचक वर्षानुवर्षं विचारत होते. दोन्हीकडचा खप एकदमच घसरला, तेव्हा मालकांनाही तोच प्रश्न पडला. बारा भागांची महागाथा ठरली. पहिल्या भागाची चित्रं काढणार होती डोलोरेस वाखोव्याक.

आमच्या धंद्यात असे नामवंत चित्रकार होते की ज्यांना हात काढता येत नसत, म्हणून त्यांचे नायक कायम हात पाठीमागे बांधून जगाला वाचवायचे. डोलोरेस नुसत्या लोंबत्या हातातसुद्धा दिवसभराचा थकवा काढून दाखवायची. पण आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या अडलेल्या पानांची भरती केली. कोणाला मूल झालं, कोणाची बाटली वाढली, की ती पानं डोलोरेसकडे. मुखपृष्ठावर तिचं नाव कधी आलं नाही. या वेळी येणार होतं. अट एकच: दोन्ही संपादकांनी त्या दुपारी पहिल्या भागाला मान डोलवायची. नाही डोलवली तर महागाथा बारगळली आणि डोलोरेस पुन्हा भरतीला.

अडचण होती ती रीतीची. दोन नायक पहिल्यांदा भेटले की आधी गैरसमज, मग मारामारी, मग दोस्ती. लग्नाच्या हे अगदी उलट आहे, पण खपतं. आता मारामारी हवी तर कोणीतरी पहिला ठोसा मारायला हवा.

“ठोसा तुझा माणूस मारेल,” हॅल म्हणाला. “त्याचं डोकं तसंही ठिकाणावर नसतं.”

“माझा बगळा विचार केल्याशिवाय पापणी हलवत नाही,” अर्व बाही पुसत म्हणाला. “तुझा बैल बघ, तो दार उघडायच्या आधी भिंत फोडतो.”

“फोडेल. पण चुकीच्या माणसाला हात लावायचा नाही.”

“म्हणजे गैरसमज माझ्याच माणसाचा? आणि मार खायचाही त्यानेच?”

“अर्व, लेका, बगळा जिंकला असं छापलं तर मालक मला खिडकीतून खाली फेकतील.”

“तुमची खिडकी उघडत नाही. सहा वर्षं घुसमटलोय मी तिथे.”

अर्व आमच्याच कंपनीत तयार झालेला, त्यामुळे भांडणाला घरगुती वळण होतं. डोलोरेस शांतपणे सँडविच खात होती. ते संपल्यावर तिने हात पुसले, मोहरीची बाटली बाजूला केली आणि पानं मांडली.

“ठरायच्या आधीच काढलंस?” हॅलने विचारलं.

“तुमचं ठरेपर्यंत थांबले असते तर म्हातारी झाले असते. अर्धी झालेच आहे.”

क्वीन्सबरो पूल. कठडा तुटलेला, माणसांनी भरलेली बस नदीवर अधांतरी. मागचं टोक कॅप्टन ऐरणने धरलंय, पुढचं रातबगळ्याने तारेत अडकवलंय. प्रत्येकाला समोर दिसतंय ते एकच: चित्रविचित्र कपड्यांतला कोणी अनोळखी इसम बस ओढतोय. म्हणून दोघंही आणखी जोरात ओढतात. पानामागून पान नुसती ओढाताण. शिरा, दात, वाकत चाललेला पत्रा. खिडक्यांत चेहरे. एक बाई केकचा खोका आडवा होऊ नये म्हणून जिवाच्या आकांताने सरळ धरून बसलेली. कोणीही जिंकला असता तर बसचे दोन तुकडे झाले असते, आणि हे त्या दोघांआधी वाचकाला कळत होतं.

मग ड्रायव्हरीण खिडकी सरकवते. “तुम्हां दोघांचं ठरलं की सांगा. मागे गाड्या खोळंबल्यात.”

पुढच्या चित्रात फक्त हात होते. दोघांचे. ते हात आपण काय करत होतो हे नुकतंच कळलेल्या माणसांचे होते. मी पुष्कळ कॉमिक्स पाहिली आहेत. असे हात पाहिले नाहीत.

अर्वने चष्मा पुसून परत घातला. “आधी सोडतं कोण?”

“कोणीच नाही. सगळी चाकं एकदम टेकतात. बघा.”

“पहिलं वाक्य कोणाचं?” हॅलने विचारलं.

“ड्रायव्हरणीचं.”

दोघांनी पानं पुन्हा पहिल्यापासून चाळली, आणि तीही पेन्सिल न उचलता. ते त्यांच्या पेशाला शोभणारं नव्हतं.

“ही आमच्याकडे का नाही?” अर्व शेवटी म्हणाला.

“आले होते मी,” डोलोरेस म्हणाली. “तुम्ही म्हणालात, बाईला मारामारी जमायची नाही.”

“बरोबर म्हणालो,” पानावरची नजर न काढता अर्व म्हणाला. “एकानेही ठोसा मारलेला नाही.” आणि त्याने मान डोलवली. हॅलनेही डोलवली.

पहिला भाग निघाला. मुखपृष्ठावर डोलोरेसचं नाव होतं, आणि तेही दोन्ही नायकांच्या बरोबर मधोमध. दुकानात मी एक माणूस पाहिला. बसचं पान पाहून पुढे गेला, परत मागे आला आणि उभ्या उभ्या दुसरी प्रत उचलली. वाचकांची पत्रं पोत्यांनी आली. ऐरणची चौकशी कोणी केली नव्हती, बगळ्याची तर मुळीच नाही. सगळ्यांना ड्रायव्हरीण हवी होती. डोलोरेसने दुसऱ्या भागाचं पहिलं पान लगेच काढलं: ड्रायव्हरीण बसमधून खाली उतरते.

तेव्हा दोन्हीकडच्या वकिलांच्या लक्षात आलं की ही बाई कोणाच्या मालकीची हे करारात लिहिलेलंच नाही. पलीकडच्यांचं म्हणणं, ड्रायव्हर पुढे बसतो आणि पुढचं टोक बगळ्याकडे होतं. आमचं म्हणणं, बस नदीत पडली नाही ती ऐरणमुळे. दोन्ही बाजूंनी जोर लावला.

दुसरा भाग निघाला नाही.