तिसऱ्या ठोकळ्याची साक्ष

मी काँक्रीटचा ठोकळा बोलतोय. खरं म्हणजे अर्धाच ठोकळा. आमच्यात अखंड असेपर्यंत कुणी बोलत नाही. जे काही सांगायचं ते फुटताना.

माझा जन्म लहान मुलांच्या दवाखान्याच्या छतावर झाला. छत ओतलं जात होतं, तेव्हा त्याच घाण्यातलं काँक्रीट तीन लोखंडी साच्यांत भरलं गेलं. आम्ही तिघे भाऊ. छत काही फोडून बघता येत नाही, म्हणून त्याच्या वाटचं आम्ही फुटायचं. आम्ही किती दाब सोसतो, त्यावर छत किती सोसेल याचा अंदाज बांधतात.

साचे भरले ते तिथल्या इंजिनिअर मॅडमनी, स्वतःच्या हातानं. हे काम दुसऱ्याला सांगता आलं असतं, पण त्यांचा स्वभावच तसा. घरी तान्हं बाळ. ते झोपलं की त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना बघायचं, आणि आपण नीट बघितलं का म्हणून पुन्हा बघायचं. आमच्या बाबतीतही तेच. सळईनं ठासून झालं, थापीनं वरची बाजू सारखी केली, खिळ्यानं तिच्यावर खूण कोरली. दोन पावलं गेल्या आणि परत आल्या.

"नीट झालंय ना रे?" हे त्यांनी मलाच विचारलं. मी काय सांगणार, मी तेव्हा नुसता चिखल होतो.

साच्यातून निघाल्यावर पक्कं व्हायला आम्हाला पाण्याच्या टाकीत ठेवलं. मॅडम रोज डोकावून जायच्या. मुकादम हसायचा.

"काय मॅडम, पोहायला शिकली का पोरं?"

"बुडाली तरी चालतील, कोरडी पडायला नकोत."

महिना उलटला आणि आम्ही तिघे गाडीत बसून विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आलो. तपासणीचं यंत्र तिथं होतं, आणि मॅडमही तिथंच शिकलेल्या.

प्रयोगशाळेबाहेरच्या भिंतीवर तिथून शिकून गेलेल्यांचे फोटो होते. एकानं धरणाचे दरवाजे बांधले होते. एकीनं समुद्राच्या तळाशी चालणारं यंत्र केलं होतं. एकाच्या कारखान्यात हात गमावलेल्या माणसांसाठी कृत्रिम हात बनत होते. ओळीच्या शेवटी रिकामा खिळा होता, आणि खाली भिंतीला टेकवलेली, कागदात गुंडाळलेली एक चौकट. दुपारी सभागृहात नाव कमावलेल्यांचा सत्कार होता. त्यानंतर मॅडमचा फोटो त्या खिळ्यावर चढणार होता.

मॅडमच्या सासूबाई नातवाला कडेवर घेऊन भिंत दाखवत होत्या. "हे बघ, हे काका. ही मावशी. आणि इथं कोण? इथं आपली आई."

आत यंत्रापाशी मॅडमचा वर्गमित्र होता. आता तिथंच शिकवतो. उंचीमुळे त्याला सगळे उंट्या म्हणायचे, आणि तो मॅडमना शंका म्हणायचा.

"शंके, आज तरी तुझ्या शंकांना सुट्टी दे. सत्काराला निघालीयस, परीक्षेला नाही."

"तू आधी लाव."

त्यानं पहिला भाऊ उचलून यंत्रात ठेवला. काटा चढू लागला आणि मध्येच कडाड आवाज झाला. उंट्यानं काटा बघितला, मग मॅडमकडे. "तेवीस."

हवे होते तीस.

दुसरा लावला. चोवीस.

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. ठेकेदार होता. "मॅडम, छताखालचे टेकू काढायला माणसं उभी आहेत. काढू का?"

"थांबा. हात लावू नका."

त्या स्टुलावर बसल्या. दोष शोधायला त्यांना लांब जावं लागत नसे, तो स्वतःतच सापडायचा. पाणी जास्त झालं असेल. सळई कमी पडली असेल. त्या दिवशी बाळाला ताप होता, लक्षच नसेल.

उंट्या जवळ सरकला. आवाज खाली आणून म्हणाला, "ऐक. तिसरा बत्तीस आला असं समजू. आधीचे दोन मोजायचे नाहीत. प्राचार्य सर सभागृहात वाट बघताहेत."

"आणि छत?"

"छत कुठं लगेच पडतंय? आपण हिशेब जरा वाढवूनच धरतो ना."

"खाली पाळणे लागणार आहेत, उंट्या."

तो कान खाजवू लागला.

मॅडम उठल्या आणि भावांचे तुकडे चाळू लागल्या. एक खपली उचलून उजेडात धरली. तिच्यावर खिळ्याची खूण होती.

"यंत्रात ही बाजू वर होती?"

"हो मग. तुझी खूण वाचता यावी म्हणून."

दोघंही तिथंच थबकली. साच्याच्या बाजू लोखंडानं सपाट झालेल्या असतात, पण थापीची बाजू नजरेला सारखी, प्रत्यक्षात उंचसखल. तिच्यावर दाब दिला की सगळा भार दोनचार उंचवट्यांवर येतो आणि ठोकळा लवकर फुटतो. म्हणून आम्हाला नेहमी कुशीवर निजवायचं. हे पहिल्या तासाला शिकवतात.

"मीच शिकवतो पोरांना," उंट्या पुटपुटला.

"मी समोरच उभी होते की. मला तरी कुठं दिसलं?" मॅडमनी खपली खाली ठेवली, परत उचलली. "का मला हवंय म्हणून आता दिसतंय?"

याचं उत्तर देणारा मी एकटाच उरलो होतो.

मॅडमनी मला पुसलं आणि कुशीवर निजवलं. खूण बाजूला आली. "सावकाश, उंट्या."

दाब वरच्या साऱ्या बाजूवर सारखा चढला. तेवीस गेले, चोवीस गेले. बाहेर बाळ रडायला लागलं. एरवी त्या धावल्या असत्या, आज मान वळली नाही. अठ्ठावीस. माझ्या आत कुठंतरी बारीक कुरकुर सुरू झाली. तीस. तरी मी उभा. छत्तीसला मी सुटलो. चारी बाजू गळून पडल्या आणि टोकाला टोक लावून दोन शंकू उरले. आमच्यात असं फुटणं भाग्याचं मानतात.

उंट्यानं श्वास सोडला. "सुटलीस बाई. चल आता."

मॅडमनी फोन लावला. "टेकू राहू द्या."

"म्हणजे नापास?" ठेकेदार.

"पास झालाय, पण एकटाच. एकाच्या साक्षीवर मी छत मोकळं करणार नाही. छतातूनच छोटे नमुने कापून तपासू."

दारात सर येऊन उभे होते. "अगं, पण लोक बसलेत. फोटोचं काय?"

"सर, खिळा तसाच राहू द्या. नमुने चांगले निघाले तर लावा. नाहीतर दुसऱ्या कुणाच्या कामी येईल."

सरांनी माझ्या तुकड्यांकडे बघितलं. "खिळा कुणाला देणार नाही," म्हणाले आणि गेले.

सासूबाईंनी बाळ मॅडमच्या हातात दिलं. "मी चार जणींना सांगून आलेय गं."

"मग आता आणखी एकदा सांगावं लागेल, आई."

बाळाला घेऊन मॅडम सभागृहात मागच्या रांगेत बसल्या आणि दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवून आल्या.

पुढचं मला उंट्या वर्गात सांगतो तेव्हा कळलं. छताचे नमुने चांगले निघाले. शेवटचा टेकू निघाला तेव्हा सासूबाई आणि बाळ फाटकाबाहेर होती. छताखाली सगळ्यांत आधी मॅडम एकट्या जाऊन उभ्या राहिल्या. कुणीतरी तेवढ्यात फोटो काढला.

माझा एक शंकू आता प्रयोगशाळेच्या दाराला आधार म्हणून असतो. पोरं येता जाता ठेचकाळतात, मला शिव्या देतात. द्या बापड्यांनो. फक्त माझ्या भाऊबंदांना यंत्रात ठेवताना कुशीवर निजवा. आणि आकडा मनासारखा आला, तरी ठोकळा कसा ठेवला होता ते एकदा बघा.

दार उघडं असलं की मला भिंत दिसते. खिळा रिकामा नाही. गुंडाळलेल्या चौकटीतला जुना फोटो मॅडमनी काढायला लावला आणि हा नवा बसवला. बाकीच्या फोटोंतली सगळी माणसं समोर बघतात. मॅडम वर बघताहेत, छताकडे. नीट झालंय ना, म्हणून.