उलटी मोजलेली काच

ग्रहणाच्या दिवशी ढगांनी घात केला. दुर्बिणीतून फोटो टिपलेल्या काचांपैकी एकच धड निघाली, सूर्याभोवतीच्या सात ताऱ्यांची. ती मोजायचं काम माझं. मोजून झालं, वही मिटली आणि मग लक्षात आलं. काच मी उलटी करून मोजलीच नव्हती.

आमच्या वेधशाळेचा शिरस्ता आहे: काच एकदा सुलटी मोजायची, मग उलटी फिरवून पुन्हा. डोळा नकळत एका बाजूला ओढतो, ती चूक अशी निघून जाते. हे पहिल्याच दिवशी शिकवतात. मग मी कशी विसरले? खोटं कशाला बोलू, आकडे बाबांच्या विरुद्ध जात होते आणि मला ते एकदाचं संपवायचं होतं.

बाबा भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश जुन्या गणिताच्या दुप्पट वाकतो, असं नवा सिद्धांत म्हणतो. बाबा म्हणतात, थोतांड! सात वर्षं त्यांनी त्याविरुद्ध लेख लिहिले, भरसभेत भांडले आणि आमच्या साहेबांशी, म्हणजे वेधशाळेच्या प्रमुखांशी, असलेली जुनी मैत्री मोडली. उद्याच्या सभेत साहेब माझेच आकडे वाचणार होते.

तासभर जिन्यावर वरखाली केलं. मग साहेबांना सांगून टाकलं.

"मग मोजा की आता!" ते लालबुंद झाले.

"आता माझ्या डोळ्यावर माझाच भरवसा नाही, साहेब. बाबा जिंकावेत असं वाटतंय मला."

ते खिडकीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. "बोलवा त्यांनाच. मला मोजायला त्यांनीच शिकवलंय."

बाबा तणतणतच आले. साहेबांकडे ढुंकूनही न बघता "बरी आठवण झाली," असं भिंतीला ऐकवलं, काच उलटी बसवली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. ते आकडा वाचणार, मी लिहिणार.

पहिला तारा. दुसरा. तिसऱ्याचा आकडा त्यांनी दोनदा वाचला. हिशेब त्यांच्या डोक्यातच होतो, वही बघावी लागत नाही; आपण हरतोय हे त्यांना कळलं होतं. आता सूक्ष्मदर्शकाचा मोजणीचा स्क्रू एवढासा मागे फिरवला असता तर कुणाला कळणार होतं? त्यांनी तो फिरवावा असं मला वाटलं. लाज वाटते, पण वाटलं.

"थांबलीस का?" ते खेकसले. "अजून चार आहेत."

"राहू दे ना, बाबा. पुढचं साहेब बघतील."

"त्याला घाई फार. शेवटचा अंक गिळतो तो."

साहेब दारातच उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

बाबांनी डोळे पुसले आणि उरलेले चारही तारे खणखणीत आवाजात वाचले, शेवटच्या अंकासकट. मग वही पुढ्यात ओढून बेरीज स्वतः तपासली. प्रकाशाचं वाकणं दुप्पटच होतं.

"मोजणाऱ्याची सही कुठे करायची?" त्यांनी विचारलं. मी बोट ठेवलं आणि बाबांनी तिथे आपलं पूर्ण नाव लिहिलं.