ताकातल्या टोस्टचा डबा

अंगोलाच्या सीमेवर लढणाऱ्या आमच्या दक्षिण आफ्रिकेच्या पोरांसाठी आमच्या चर्चच्या बायका दर महिन्याला ताकात मळलेले टोस्ट भाजून पाठवतात. माझ्या मुलानं, रुआननं, सक्तीच्या सैन्यभरतीला नकार दिला आणि तो तुरुंगात गेला. तेव्हापासून बायका माझा डबा घेईनात. मीही हट्टी. भाजत राहिले, कोंबड्यांना घालत राहिले.

काल त्या बायकांतलीच हेस्टर दारात उभी. तिचा मुलगा गर्ट सीमेवर आहे.

मी फणकारले, "आता कुठला टोमणा राहिलाय?"

"गप गं! कोंबड्या फार माजल्यात तुझ्या. डबा आण इकडे. गर्टला तुझ्याच हातचे टोस्ट हवेत."

मी डबा दिला. तिनं स्वतःचा डबा माझ्या हातात कोंबला.

"हा रुआनला दे. दोघं धड घरी येऊ देत, मग भांडू."