पारामास्तरांचं पाणी

"हे पाणी कोमट आहे," मास्तर नळाखाली दोन बोटं धरून म्हणाले. "कोमटाच्याही अलीकडचं."

निघायच्या बेतात असलेल्या फिटरबाईंनी पिशवी पुन्हा खाली ठेवली. न्हाणीघराच्या भिंतीला टाकी बसली होती, मागच्या अंगणात पंख्याचं युनिट घूं घूं करत होतं आणि टाकीवरचा आकडा पन्नास अंश दाखवत होता. पण आकड्यावर मास्तरांचा विश्वास नव्हता. त्यांचा उभा जन्म कापडाच्या कारखान्यात, रंगखात्यात गेला होता. तिथे त्यांना सगळे पारामास्तर म्हणत. हौदात दोन बोटं बुडवून काढली की ते आकडा सांगत. मग कोणी थर्मामीटर घातलाच, तर तो थर्मामीटर बरोबर आहे ना, एवढंच बघायला. नवशिके मात्र भीत भीत कोपर बुडवत, आणि दुसऱ्या कोणी बघितल्याशिवाय त्यांच्या शब्दावर कापड हौदात जात नसे. "कोपरवाला म्हणजे कच्चं लिंबू," असं मास्तर म्हणत.

हीट पंपाचा हट्ट मुलीचा. ती बाळाला घेऊन राहायला येणार होती. जुना गिझर कधी उकळतं पाणी द्यायचा, कधी रुसून बसायचा, म्हणून तिने हे नवं यंत्र बसवायला लावलं. आणि फोनवर बजावलं, "बाबा, बाळाचं पाणी तुम्हीच बघायचं हं." तिच्या लहानपणी मास्तरांची बोटं पाण्यात बुडाल्याशिवाय ती अंगावर तांब्या घेत नसे. मुलीचं ते फोनवरचं वाक्य मास्तरांनी दोन-तीन शेजाऱ्यांना सहज म्हणून ऐकवलं होतं.

यंत्राबद्दल तशी त्यांची तक्रार नव्हती. फिटरबाईंनी समजावलं होतं, की हे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घेतं आणि पाण्यात सोडतं, फ्रिजच्या उलट. तापायला वेळ लागतो, पण वीज कमी खातं. "म्हणजे हवेला पिळून पाणी तापवायचं," मास्तर म्हणाले, आणि ती कल्पना त्यांना मनापासून आवडली. फक्त पाणी तापायला हवं होतं.

बाईंनी आकडा पंचावन्नवर नेला. दुसऱ्या दिवशी मास्तरांचा फोन. त्या पुन्हा आल्या, साठवर नेला आणि म्हणाल्या, याच्या पुढे हे यंत्र जात नाही. बायको म्हणत होती, की पाणी चांगलं चटका देतंय, तिला निम्मं गार मिसळावं लागतं. मास्तरांनी ते कानाआड केलं. ते स्वतः बाराही महिने गार पाण्यानेच अंघोळ करत. गरम पाण्यावरचा त्यांचा अधिकार फक्त बोटांपुरता होता.

मुलगी यायच्या दिवशी सकाळी त्यांनी पुन्हा फोन लावला. बाई आल्या. पिशवी त्यांनी जरा जोरात ठेवली.

"हातच्या काकणाला आरसा कशाला," मास्तर म्हणाले. त्यांनी नळ सोडला आणि सगळा पंजा धारेखाली धरला. "बघा तुम्हीच."

बाईंनी शेजारी हात घातला आणि "आई गं" म्हणत झटकन मागे घेतला. मास्तरांचा हात धारेखाली तसाच होता. वाफ निघत होती, कातडी लालबुंद झाली होती, आणि मास्तर उत्तराची वाट बघत उभे होते. बाईंनीच त्यांचं मनगट धरून हात बाहेर ओढला, गार नळाखाली नेला.

"काका, तुम्हाला चटका बसत नाही?"

बायको दारात येऊन उभी होती. "परवा तवा नुसत्या हाताने उचललात," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, सवय."

मास्तर हाताकडे बघत राहिले. मधुमेहाच्या गोळ्या देताना डॉक्टरांनी विचारलं होतं, हातापायांना बधिरपणा येतो का. त्यांनी छे म्हणून सांगितलं होतं. हल्ली शर्टाची बटणं सापडत नसत, तेव्हा शिंप्याला नावं ठेवली होती. त्यांना आधी लाज वाटली. भीती नंतर वाटली, बाळाच्या संध्याकाळच्या अंघोळीची आठवण झाली तेव्हा. याच हाताने ते पाणी बघणार होते आणि छान आहे म्हणून सांगणार होते.

"पन्नासवर आणा," ते म्हणाले.

"नवीन मशीन असलं की होतं असं, काका."

"मशीनला कशाला बोल लावता? नाचता येईना अंगण वाकडं, असं झालं माझं."

संध्याकाळी मुलगी आली. बाळाला सगळ्यांनी घेऊन झालं. मास्तरांनी मात्र त्याला मांडीवरच घेतलं, हातात उचललं नाही. मग न्हाणीघरात टब मांडला गेला, मुलीने अंदाजाने गरम-गार मिसळलं आणि नेहमीसारखी हाक मारली, "बाबा, पाणी बघा."

"मी बघते," बायको घाईने पुढे झाली. "त्यांचे गुडघे दुखतायत."

"गुडघ्यांना काय धाड भरलीय?" म्हणत मास्तर टबाजवळ खाली बसले. सवयीने दोन बोटं पुढे गेली, आणि त्यांनी ती मिटून घेतली.

"बोटांना कळत नाही आता," ते मुलीला म्हणाले. "आजच समजलं."

मुलीने आईकडे पाहिलं. आईने मान डोलावली. बाळ आजीच्या खांद्यावर कुरकुरत होतं. मास्तर शर्टाची बाही दुमडू लागले. बटण काही निघेना. मुलीनेच वाकून ते काढलं आणि बाही वर सरकवून दिली. मग रंगखात्यात उमेदवारी केली त्यानंतर पहिल्यांदाच, पारामास्तरांनी कोपर पाण्यात बुडवलं. डोळे मिटून ते थांबले. आकडा काही आला नाही. पण गरम आहे, एवढं कळलं.

"थोडं गार घाल."

मुलीने तांब्याभर गार पाणी ओतलं. त्यांनी टब ढवळला आणि पुन्हा कोपर बुडवलं.

"आता?" तिने विचारलं.

"मला तर बरं वाटतंय," मास्तर म्हणाले आणि टबापाशी तिला जागा करून दिली. "पण आता तू बघ."