ओळ संपली

"टिंब काढा," बायको म्हणाली.

"कसलं टिंब?"

"त्या गुणाकाराच्या चांदणीच्या आधी आहे ते. काल नव्हतं, तेव्हा उत्तर बरोबर आलं होतं. आज तुम्ही घातलंय."

मी चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनजवळ नाक नेलं. होतं खरंच. टिंब असलं की संगणक दोन मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचे तक्ते, जागच्या जागी गुणतो, पहिल्या खणातला आकडा पहिल्या खणातल्या आकड्याशी, दुसरा दुसऱ्याशी. टिंब नसलं की ओळीला स्तंभाने गुणतो, म्हणजे मी गेली तीस वर्षं फळ्यावर शिकवतो तसं. हे मला प्रशिक्षणात सांगितलं होतं. मी वहीत लिहून खाली दोन रेघाही मारल्या होत्या. तरी पाऊण तास मी चुकीच्या उत्तराकडे बघत बसलो होतो, आणि हिने शेंगा सोलता सोलता मान वर करून एकदा पाहिलं होतं.

टिंब काढलं. उत्तर आलं.

"आलं ना?" म्हणाली, आणि पुन्हा शेंगांकडे वळली. त्या 'आलं ना'मध्ये टोमणा नव्हता, तोरा नव्हता. तेच मला जास्त लागलं.

मी तंत्रनिकेतनात गणित शिकवतो. त्या वर्षी अभ्यासक्रम बदलला. मॅट्रिक्स आता नुसत्या कागदावर सोडवायच्या नव्हत्या, मुलांनी त्यांचे प्रोग्रॅम लिहायचे होते. म्हणजे आधी आम्ही शिकायचं. दहा आठवड्यांचं प्रशिक्षण, मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी, तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये. ज्याला प्रमाणपत्र मिळणार नाही त्याच्याकडे विषय राहणार नाही, असं प्राचार्यांनी गोड शब्दांत सांगितलं होतं.

शिकवायला होती माझीच जुनी विद्यार्थिनी. तिच्या प्रगतिपुस्तकावर मी एकदा 'गणितात गती नाही' असा शेरा मारला होता. तिला तो आठवत होता की नाही, देव जाणे. मी तिला 'मॅडम' म्हणायचो, ती मला 'सर' म्हणायची, आणि आम्ही दोघंही एकमेकांच्या डोळ्यांत बघत नव्हतो.

आता एक कबूल करतो. तीस वर्षांत मी तीन बाय तीनपेक्षा मोठी मॅट्रिक्स कधी सोडवली नव्हती. फळ्यावर तेवढीच मावते. परीक्षेत तेवढीच येते. सिद्धता मला पाठ होत्या, पण पंचवीस ओळी आणि पंचवीस स्तंभ असलेलं काही समोर आलं की मला गर्दीत हरवल्यासारखं व्हायचं. त्यातून टाइपिंग. एकेक अक्षर शोधेपर्यंत मनातला विचार निघून जायचा. म्हणून दुसऱ्याच दिवशी मी बायकोला शेजारी बसवलं. मी सांगायचं, तिने टाइप करायचं.

त्यात नवीन काही नव्हतं. लग्नाआधी ही आमच्याच संस्थेच्या कार्यालयात टंकलेखिका होती. लेकीच्या जन्मानंतर तिने नोकरी सोडली, पण माझ्या प्रश्नपत्रिका, माझ्या नोट्स तीच टाइप करत आली. मोठमोठे तक्ते ती न मोजता बसवायची. मी सांगायचो, ती उतरवायची. तीस वर्षं आमचं हे छान चाललं होतं.

पहिला आठवडा ती गप्प बसून टाइप करायची. दुसऱ्या आठवड्यात ते टिंब दाखवलं, आणि मग विचारू लागली.

"अहो, हे एकेक आकडा का उचलताय? सगळी ओळ एकदम नाही का सांगता येत?"

"येते, पण आधी असं शिकायचं असतं," मी म्हणालो. येते हे मला माहीतच नव्हतं.

तिने माझी वही चाळली, दोनदा चुकली, आणि माझ्या अकरा ओळी एका ओळीत बसवल्या. उत्तर तेच. स्वतःशीच हसली. मला ते हसू बघवेना. तीस वर्षांत माझ्या कुठल्या गणितावर ही अशी हसली होती? लेक फोनवर म्हणाली, "बाबा, आई तुमच्यापुढे गेली वाटतं!" मीही हसलो. हसताना जबडा दुखला.

मग मी लॅपटॉपचा पासवर्ड बदलला.

"कॉलेजचा नियम आहे," मी तिला सांगितलं. "इतरांनी वापरायचा नाही."

"बरं," ती म्हणाली.

चार दिवसांनी चहाची पूड शोधताना फडताळात मला कागद सापडले. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर पेन्सिलीने लिहिलेले प्रोग्रॅम. लॅपटॉप नाही तर नाही, ही कागदावर लिहीत होती आणि उत्तरंही हातानेच काढत होती. मी तिथेच उभा राहून सगळे वाचले. तिसऱ्या पानावर एक चूक सापडली. ओळी आणि स्तंभ यांची अदलाबदल केली होती. काय सांगू, मला इतका आनंद झाला की मी पूड न घेताच बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी ही भाजी आणायला गेली तसा पुन्हा फडताळापाशी गेलो. चूक खोडून दुरुस्त केलेली होती. मी सांगितलेलं नव्हतं. तिला तिचीच सापडली होती.

सहाव्या आठवड्यात मॅडमनी मोठा गृहपाठ दिला. लोखंडाचा चौकोनी पत्रा. वरची कड तापवलेली, बाकीच्या तीन गार. पत्र्यावर पाच ओळींत पाच-पाच असे पंचवीस बिंदू घ्यायचे. प्रत्येक बिंदूचं तापमान म्हणजे त्याच्या चार शेजाऱ्यांची सरासरी. पंचवीस समीकरणं, पंचवीस बाय पंचवीसची मॅट्रिक्स. कर्णावर सगळीकडे चार, आणि जे दोन बिंदू शेजारी असतील त्यांच्या खणात उणे एक.

मी तीन दिवस खपलो. उत्तर यायचं, पण तिरकं यायचं. पत्रा डावीउजवीकडे सारखा, मग तापमानही सारखंच हवं ना? माझा उजवा वरचा कोपरा डाव्यापेक्षा गरम. इतकं मला कळत होतं. का, ते कळत नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी, गृहपाठ द्यायला काही तास उरले असताना, मीच हाक मारली.

"अगं, जरा बघतेस?"

तिने हात पुसले. पासवर्डचं काही बोलली नाही. खुर्ची ओढून बसली आणि बिंदूंना दिलेले क्रमांक बोटाने मोजू लागली. एक ते पाच पहिली ओळ, सहा ते दहा दुसरी.

"पाचवा आणि सहावा शेजारी धरलेत तुम्ही."

"पाचानंतर सहाच येतात."

"मोजताना येतात हो. पण पत्र्यावर पाचवा या टोकाला, सहावा त्या टोकाला. ओळ संपली की टाइपरायटरचा गाडा मागे न्यायचा, तेव्हा पुढची ओळ सुरू होते. मधे पत्रा जोडलेला नाही."

तिने तीन ओळी लिहिल्या. पाच-सहा, दहा-अकरा, पंधरा-सोळा, वीस-एकवीस, या जोड्यांच्या जागी शून्य. वर इंग्रजी अक्षरांत स्वतःसाठी एक टीप टाकली: ओळ संपली. मग बटण दाबलं. दोन्ही कोपरे सारखे. पत्रा सरळ झाला.

"किती छान ना?" ती स्क्रीनकडे बघत म्हणाली.

मला उशीर होतोय असं सांगून मी लॅपटॉप मिटला.

त्या दुपारी वर्ग सुटल्यावर मॅडमनी मला थांबवलं. माझा गृहपाठ तिच्या स्क्रीनवर उघडा होता.

"सर, बारा जणांपैकी अकरा जण इथेच चुकलेत. तुमचं एकट्याचं बरोबर आहे."

मी मान डोलावली.

"पण हे तुम्ही लिहिलेलं नाही." आवाज अगदी हळू होता. "तुम्ही स्वल्पविरामानंतर जागा सोडत नाही. इथे प्रत्येक ठिकाणी सोडली आहे. आणि ही 'ओळ संपली'... कोणी लिहिलं, सर?"

बायकोने. एवढं म्हणायचं होतं. एकच शब्द.

"एक जुना विद्यार्थी आहे," मी म्हणालो. "त्याने थोडी मदत केली."

मला वाटलं आता ओरडा बसणार. पण तिचा चेहरा उजळला. "त्याला माझ्याकडे पाठवता? पुढच्या सत्रापासून या लॅबला एक सहायक हवाय. तासिका तत्त्वावर आहे, पदवीची अट नाही, पण असं बघणारा माणूस हवा. पुढच्या शनिवारपर्यंत कळवा."

"विचारतो त्याला," मी म्हणालो, आणि जिना उतरताना स्वतःला समजावत राहिलो की हिला या वयात तीन मजले चढणं झेपणार नाही, घराचं कोण बघेल, मुलं हसतील. घरी पोचेपर्यंत मला माझं म्हणणं पटलंसुद्धा होतं.

पुढच्या शुक्रवारी सकाळी मी अंघोळ करून बाहेर आलो तर ही माझ्या मोबाईलवर बोलत होती. "हो, येईल. उद्या किती वाजता?... बरं." फोन टेबलावर ठेवला.

"कोण होतं?"

"तुमच्या मॅडम. तुमचा तो जुना विद्यार्थी येतोय का, विचारत होत्या."

मी टॉवेलने कान पुसत राहिलो. कान कधीच कोरडे झाले होते.

"मी विचारलं, कोणता? तर म्हणाल्या, तो 'ओळ संपली' लिहिणारा. मी म्हटलं, येईल."

"अगं, तसं नव्हतं ते."

"मग कसं होतं?"

"तिने एकदम विचारलं. तोंडातून निघून गेलं."

"कधी?"

"झाले आठ दिवस."

"आठ दिवस निघतच होतं तोंडातून?"

मी खुर्चीवर बसलो. ती उभीच होती.

"बायकोने शिकवलं म्हणायची लाज वाटली?"

"लाज नाही गं." आता खोटं बोलायला बळ उरलं नव्हतं. "जळलो मी. तुझ्यावर. ते टिंब दाखवलंस ना, तेव्हापासून जळतोय. पासवर्डचाही काही नियम नव्हता."

"ते माहीत होतं मला," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

"तीस वर्षं तुमचं टाइप केलं. कशावर माझं नाव आहे का, मी कधी पाहिलं नाही. पाहायचं कशाला? ते तुमचं होतं, मी नुसती बोटं चालवली. हे माझं होतं हो."

ती रडली असती तर मला जमलं असतं. समजूत काढायची सवय आहे मला. पण ती आत गेली आणि कुकर लावू लागली, आणि मी ओला टॉवेल मांडीवर घेऊन तसाच बसून राहिलो.

शनिवारी तिने फडताळातले कागद एका फाइलमध्ये लावले. मी चपला घालू लागलो.

"तुम्ही कुठे निघालात?"

"तुझ्याबरोबर. मॅडमना खरं काय ते सांगतो."

"मुलाखत माझी आहे," ती म्हणाली, आणि दार ओढून घेतलं.

तीन वाजता परत आली. पाणी प्यायली. "पुढच्या सत्रापासून. सरावाला सोमवारपासूनच," एवढंच म्हणाली.

"मॅडम काही म्हणाल्या? माझ्याबद्दल?"

"फॉर्मवर पतीचं नाव लिहायचं होतं. लिहिलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, 'बसा काकू.' मग एक गणित दिलं."

मंगळवारी मी मॅडमपुढे मान खाली घालून गेलो. दोन शब्द सुनावेल, मग मोकळा होईन, असं वाटत होतं. तिने नेहमीसारखं "या सर" म्हटलं आणि फळ्याकडे वळली. सुनावलंच नाही. आजवर सुनावलेलं नाही.

त्या रात्री जेवताना मी बायकोला नवा पासवर्ड सांगितला. "राहू द्या," ती म्हणाली, "मी लॅबमध्येच करते. तिथे मोठा स्क्रीन आहे."

मी उरलेले आठवडे एकट्याने काढले. प्रमाणपत्र मिळालं, काठावर. विषय माझ्याकडे राहिला. नव्या सत्रात पहिल्या प्रात्यक्षिकाला मी माझ्या वर्गाला घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेलो तेव्हा ही तिथे होतीच, गळ्यात ओळखपत्र घालून. मुलं तिला 'मॅडम' म्हणत होती. दोन मुली तिच्या खांद्यावरून वाकून स्क्रीनकडे बघत होत्या आणि ती त्यांना काहीतरी सांगत होती, आणि तिघी हसत होत्या. माझ्या तासाला मुलं कधी हसल्याचं मला आठवत नाही. मी पुन्हा जळलो. सुधारलो होतो असं मला वाटत होतं, पण नाही.

मी पुढच्या टेबलावर बसून मुलांना दाखवायचं उदाहरण चालवून बघितलं. चाललं नाही. लाल अक्षरांत काहीतरी उमटलं. पुन्हा वाचलं. पुन्हा चालवलं. वीस मुलं आपापल्या कामात होती, कुणाचं लक्ष नव्हतं. शेवटी मी हात वर केला.

आधी तिने खिडकीजवळच्या मुलीचं पाहिलं, कारण तिचा हात आधी वर होता. मग त्या शेजारच्या मुलाचं. मी हात वरच ठेवला. थोडा वेळ गेल्यावर तो अवघडतो, हे मला आजवर माहीत नव्हतं.

ती माझ्या टेबलापाशी आली.

"कुठे अडलंय, सर?"

मी सांगू लागलो. पहिल्या ओळीपासून, एकेक. तिने मधे तोडलं नाही, कीबोर्डकडे हातही नेला नाही. चौथ्या ओळीपाशी माझं मलाच अडखळायला झालं.

"तिथेच बघा," ती म्हणाली. "सापडेल तुम्हाला."

मागच्या रांगेत कुणीतरी हात वर केला, आणि ती तिकडे गेली.