आत्याची बोली

हायफाच्या विद्यापीठात विदादचा निबंध वाचून झाला, टाळ्या झाल्या आणि चहाची सुट्टी झाली. वादी आराच्या टेकड्यांवरची बायकांची अरबी हा तिचा विषय; त्यासाठी तिने तिथल्या आपल्या गावच्या बायकांचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं. त्या गावांत कुत्र्याला ‘कल्ब’ म्हणत नाहीत, ‘चल्ब’ म्हणतात. शहरातली माणसं त्या ‘च’ला हसतात. विदादही शाळेत असताना तो लपवायची. आता त्याच ‘च’वर तिला डॉक्टरेट मिळाली होती.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, “माज्या चुलीम्होरं बसून लबाड बोलू नगंस, पोरी.”

विदाद गर्रकन वळली. तो आवाज पुरुषाचा होता, पण हेल, ठसका, शब्द ओढायची तऱ्हा, सगळं फह्मीया आत्याचं. समोर ओफिर उभा होता, तिच्या मार्गदर्शक प्राध्यापक नेखामाबाईंच्या हाताखाली नुकताच संशोधनाला लागलेला. हातात बुरेकस पॅटिसची बशी, ओठांवर तेलकट पापुद्रे.

“कुठं शिकलास हे?” तिला आधी आनंदच झाला. कुणा ज्यू मुलाच्या तोंडून हा ‘च’ इतका बिनचूक तिने कधी ऐकला नव्हता.

“सैन्यात,” तो घास चघळत म्हणाला. “कानाला हेडफोन लावून. ट्रेनिंगला तुमचीच रेकॉर्डिंग होती. ही म्हातारी तर आमची लाडकी. आम्ही तिला आजीच म्हणायचो. तिच्यामुळे माणूस फोनवर नुसतं ‘हॅलो’ म्हणाला तरी कुठल्या टेकडीवरचा ते कळायचं. खरंच, फार उपकार आहेत तुमचे.”

तो मनापासून बोलत होता, आणि विदादला त्याचीच शिसारी आली. आत्याचे शब्द त्या जिभेवर त्या चिवट लगद्यात लोळताना तिला दिसले. ती तिथून निघाली.

नेखामाबाई आपल्या खोलीत संत्रं सोलत बसल्या होत्या. त्यांची आई बगदादची ज्यू. घरी अरबी बोलायची चोरी होती, म्हणून आपण अरबीला वाहून घेतलं, असं त्या प्रत्येक भाषणात सांगत.

“आमच्या गावची रेकॉर्डिंग सैन्याला कुणी दिली?”

“कुणी कशाला द्यायला हवीत? विद्यापीठाचा संग्रह सगळ्यांना खुला आहे.”

“तुम्हाला माहीत होतं.”

“विदाद, बस. माझ्या वर्गातली निम्मी मुलं तिथून येतात, उरलेली तिथं जातात. ती नसती तर या देशात अरबी शिकवायला मी भिंतींपुढे उभी राहिले असते. भाषा जगते आहे ना? संत्रं घे.”

त्यांनी फोड पुढे केली. नखांत पांढऱ्या साली अडकल्या होत्या. ही बाई आपल्या आईचं नाव घेऊन रडते आणि दुसऱ्याच्या आत्याला विकते, असं विदादच्या अगदी ओठांवर आलं. पण रेकॉर्डर घेऊन आत्यापुढे कोण बसलं होतं? ‘आत्या, बोल गं, आपली बोली टिकायला हवी’ हे कोण म्हणालं होतं?

“माझी रेकॉर्डिंग काढून टाका,” ती म्हणाली.

“काढते. पण ज्यांच्याकडे गेली ती गेली.”

शुक्रवारी ती गावी गेली. आत्या ओट्यावर खुब्बेझाची रानभाजी निवडत होती.

“आलीस व्हय? तोंड का उतरलंय? हायफात जेवाय घालत न्हाईत का?”

विदादने सगळं सांगून टाकलं. आडपडदा ठेवला नाही. आत्याचे हात थांबले नाहीत. पानं एकीकडे, देठं एकीकडे.

“म्हंजी माजं बोलनं ऐकून ती पोरं आपल्या मानसांची बोलनी चोरून ऐकत्यात.”

“हो.”

“माज्या तोंडामुळं कुनी धरला गेला का?”

“माहीत नाही, आत्या.”

“मग तुला म्हाईत काय हाय?”

आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली, माठापाशी गेली, चूळ भरली आणि अंगणात थुंकली. पुन्हा भरली, पुन्हा थुंकली. चव जाईना तशी ती कितीतरी वेळ तोंड खंगाळत राहिली. मग डोक्यावरच्या रुमालाने ओठ पुसून परत आली आणि जपून, एकेक शब्द वेचत म्हणाली,

“आपण भोजन करून जावे.”

ती रेडिओवरच्या बातम्यांची अरबी होती. आत्याला ती धड येत नव्हती. एक प्रत्ययही चुकला होता.

“आत्या, असं काय बोलतेस माझ्याशी?”

“मी योग्य बोलत आहे.”

ताटात खुब्बेझा वाढला, वर लिंबू पिळलं, रोटी गरम होती. विदादला आपल्याच तोंडाची किळस येत होती. तरी तिने ताट संपवलं. आत्या समोर बसून होती.

विदादने ते काम सोडलं. आता ती अक्का शहरातल्या एका शाळेत शिकवते. गावी जाते, आत्या तिला जेवू घालते, डोक्यावरून हातही फिरवते. कुंपणापलीकडच्या शेजारणीशी आत्या त्याच जुन्या ठसक्यात भांडते, हसते. रस्त्यावरूनच ऐकू येतं. विदादच्या गाडीचं दार वाजलं की ते बोलणं तुटतं.

“आगमन झाले?” आत्या विचारते.

“झालं,” विदाद म्हणते, आणि चपला काढून आत जाते.